साइट तीच, क्लिक वेगळे: ५० मीटरवरून १०० मीटरवर जाताना हुकलेल्या झिरोचे प्रकरण

ज्या सामन्यात हे प्रकरण घडले तो काही मोठा सामना नव्हता. नाशिकच्या पश्चिमेला, द्राक्षबागांच्या कडेला असलेल्या एका रेंजवर दोन-तीन क्लबांनी मिळून डिसेंबरमध्ये भरवलेली ती स्नेहस्पर्धा होती. पॉइंट टू टू रायफलने प्रोन पोझिशनमध्ये, म्हणजे पालथे झोपून, आधी ५० मीटरवर २० गोळ्या आणि त्यानंतर १०० मीटरवर २० गोळ्या, असे तिचे स्वरूप होते. साइटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या, प्रत्येक अंतरावर दोनच मिळणार होत्या. ५० मीटरवर आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचे नेहमीचे टार्गेट होते आणि १०० मीटरवर त्याचीच दुप्पट आकाराची प्रत लावलेली होती, त्यामुळे दोन्ही अंतरांवर नेमबाजाच्या डोळ्याला काळे वर्तुळ सारखेच दिसत होते. आमच्या क्लबची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी ५० मीटरवर २०० पैकी १८९ गुण मिळवून दुसऱ्या क्रमांकावर होती. १०० मीटरवर तिला १६० गुण मिळाले आणि ती एकदम नवव्या क्रमांकावर गेली.

गुण कमी पडले म्हणून हे टिपण लिहिलेले नाही. पहिल्यांदाच १०० मीटरवर उतरणाऱ्या नेमबाजाचे गुण कमी पडणारच. लिहिण्याचे कारण असे की तिने तयारी केली होती. साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, किती क्लिक, म्हणजे तिच्या स्क्रूच्या किती खाचा, वर न्यायची याचा आकडा वहीत लिहून, तो दोन वेळा तपासून ती फायरिंग पॉइंटवर आली होती. हा आकडा तिने ज्या तक्त्यातून घेतला होता तो तक्ता मीही पाहिला होता आणि ‘ठीक आहे’ असे म्हणालो होतो. तक्ता खोटा नव्हता, तो बनवणाऱ्याच्या रायफलीवर अगदी बिनचूक चालत होता, आणि तिची साइटही त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची होती. तरीही गोळ्या सात गुणांच्या रिंगणात पडल्या. या विसंगतीचा शोध घेताना आम्हाला एकाऐवजी दोन स्वतंत्र चुका सापडल्या, आणि त्या दोन्ही ५० मीटरवर अजिबात दिसत नव्हत्या.

पार्श्वभूमी

नाशिकमधला नेमबाज बहुधा अंतर न बदलणाऱ्या प्रकारांत घडतो. सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते आणि पुढे जाणारे ५० मीटरवर जातात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांचे सुरुवातीचे प्रशिक्षण नाशिकमध्येच झाले, आणि तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘थ्री पोझिशन’ हा शब्द आधीच माहीत असतो. परंतु त्या प्रकारातही नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन आणि स्टँडिंग (उभे राहून) अशी पोझिशन बदलते, अंतर मात्र ५० मीटरच राहते. पोझिशन बदलल्यावर डोक्याची ठेवण आणि खांद्यावरचा आधार बदलतो, म्हणून साइटला थोडे क्लिक द्यावे लागतात, आणि ते कमी-जास्त झाले तरी साइटरमध्ये सावरून घेता येतात. ३०० मीटरचा प्रकार आहे, पण त्याची रायफल आणि काडतूस दोन्ही वेगळे. एकाच रायफलीने आणि एकाच काडतुसाने दोन अंतरांवर मारायचे, हा अनुभव आमच्या मुलांना जवळजवळ नसतोच. त्यात आमची स्वतःची रेंज ५० मीटरचीच असल्यामुळे या मुलीने सामन्यापूर्वी १०० मीटरवर एकही गोळी मारलेली नव्हती, आणि म्हणूनच तिला तक्त्याचा आधार घ्यावा लागला.

रायफल क्लबची, परवान्यावरची. एकेक काडतूस भरून मारायची बोल्ट अ‍ॅक्शन. मागे पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची साइट, पुढे टनेलमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, बसवलेली रिंग. पुढची साइट बॅरलच्या टोकावर थेट बसवलेली नसून १६० मिलिमीटर लांबीच्या एक्स्टेंशन ट्यूबवर बसवलेली होती. ही ट्यूब तिच्यासाठी आम्हीच सप्टेंबरमध्ये लावली होती, कारण जवळच्या रिंगवर नजर स्थिरावत नाही, अशी तिची तक्रार होती. हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा. आम्ही तो विसरलो होतो.

सामन्याच्या दिवशी

१०० मीटरवर जाताना तिने तक्त्याप्रमाणे साइट ४६ क्लिक वर नेली. पहिली साइटर गोळी, टार्गेटला घड्याळाची तबकडी मानले तर, सात वाजण्याच्या किंचित अलीकडे, म्हणजे बरीच खाली आणि थोडी डावीकडे, सातच्या रिंगणात लागली. सकाळची वेळ होती आणि हवा पडलेली होती. शेजारच्या द्राक्षबागेत पाखरे हाकलण्यासाठी बांधलेल्या चकचकीत फिती आमच्या रेंजवरच्या झेंड्यांपेक्षा वाऱ्याचा अंदाज जास्त चांगला देतात, आणि त्या वेळी त्या सरळ लोंबत होत्या. तरीही ‘शंभरावर वारा जास्त लागतो’ हे ऐकलेले असल्यामुळे तिने डावीकडे जाण्याचे खापर वाऱ्यावर फोडले आणि साइट ३ क्लिक उजवीकडे घेतली. दुसरी गोळीही खालीच लागली. तिने ४ क्लिक वर दिले आणि गुणांच्या गोळ्या सुरू केल्या.

पहिल्या पाच गोळ्यांत ३८ गुण आले. त्यानंतर तिने प्रत्येक दोन-तीन गोळ्यांनंतर साइटला हात लावला, कधी दोन क्लिक वर, कधी एक उजवीकडे, एकदा एक क्लिक परत खाली. शेवटच्या पाच गोळ्यांत ४४ गुण मिळाले. म्हणजे ती योग्य दिशेनेच चालली होती, पण तिथे पोहोचेपर्यंत सामना संपला. सुदैवाने क्लबमध्ये आम्ही एक शिस्त लावलेली आहे: सामना संपल्यावर साइट परत आणण्यापूर्वी तिच्यावरचा आकडा वहीत उतरवायचा. त्यानुसार शेवटी साइट ५० मीटरच्या झिरोपासून, म्हणजे गोळी मध्यावर लागते त्या साइटच्या जागेपासून, ५५ क्लिक वर आणि ५ क्लिक उजवीकडे होती. पुढच्या सगळ्या तपासाची सुरुवात या दोन आकड्यांपासून झाली.

कोणत्या शंका आधी बाद केल्या

पहिला संशय नेहमीप्रमाणे काडतुसांवर गेला. एका लॉटमधून (कारखान्यातल्या एका खेपेतून) दुसऱ्या लॉटमध्ये गेल्यावर गोळीचा वेग बदलतो, आणि वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर १०० मीटरवर गोळी अडीच ते तीन सेंटीमीटर वर-खाली जाऊ शकते. पण ५० मीटरवर आणि १०० मीटरवर तिने एकाच लॉटचे, एकाच डब्यातले राउंड, म्हणजे काडतुसे, वापरले होते आणि ५० मीटरवर ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, मध्यावर होता. त्याच तर्काने ट्रिगरला झटका देणे, स्लिंग (रायफलीला आधार देणारा हातावरचा पट्टा) सैल होणे, साइटचा स्क्रू ढिला असणे याही शंका मागे पडल्या, कारण यांतील कोणतीही गोष्ट अर्ध्या तासापूर्वीच्या १८९ गुणांशी जुळत नव्हती.

दुसरा संशय दिशेचा होता. काही जर्मन बनावटीच्या साइटवर अक्षर आणि बाण असतात ते ‘गोळी वर लागली असेल तर इकडे फिरवा’ अशा अर्थाचे असतात, ‘गोळी वर न्यायची असेल तर’ अशा अर्थाचे नसतात, आणि हा गोंधळ अनुभवी माणसाचाही होतो. तोही येथे झालेला नव्हता, कारण तिने दिलेले क्लिक गोळीला योग्य दिशेनेच नेत होते.

राहिला वारा. १० किलोमीटर वेगाचा आडवा वारा या गोळीला ५० मीटरवर सुमारे दीड सेंटीमीटर आणि १०० मीटरवर सहा सेंटीमीटरहून अधिक ढकलतो. अंतर दुप्पट झाले की ढकलले जाणे जवळजवळ चौपट होते. त्यामुळे तिचा विचार अगदीच निराधार नव्हता. परंतु रेंज उत्तरेकडे तोंड करून आहे, आणि त्या दिवशी थोडा वारा सुटला तो दहानंतर पश्चिमेकडून, म्हणजे डाव्या हाताकडून. तो गोळी उजवीकडे नेईल, डावीकडे नेणार नाही.

येथपर्यंत मी एकट्याने विचार केला होता आणि ‘खाली का?’ या प्रश्नावरच अडकलो होतो. आमच्या क्लबवर देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार येतात; सगळे त्यांना ‘साहेब’च म्हणतात. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, “सर, खाली का गेली ते कळेल. आधी डावीकडे का गेली ते सांगा. वारा नव्हता ना?” प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

क्लिकचा हिशोब

साइटचा स्क्रू एक क्लिक फिरवल्यावर पीपचे छिद्र ठरावीक अंतर सरकते. या साइटवर ते सुमारे ०.०३२ मिलिमीटर आहे. पण हे सरकणे टार्गेटवर किती मोठे दिसेल हे एकट्या साइटवर ठरत नाही. मागच्या आणि पुढच्या साइटमधले अंतर, ज्याला साइट रेडियस म्हणतात, ते त्यात येते. छिद्राचे सरकणे भागिले साइट रेडियस, गुणिले टार्गेटचे अंतर, असा साधा समरूप त्रिकोणांचा हिशोब आहे. ज्या वरिष्ठ नेमबाजाचा तो तक्ता होता त्याच्या रायफलीचा साइट रेडियस ६४० मिलिमीटर होता, म्हणून त्याचा एक क्लिक ५० मीटरवर २.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर ५ मिलिमीटर भरत होता. या मुलीच्या रायफलीवर १६० मिलिमीटरची ट्यूब असल्यामुळे साइट रेडियस ८०० मिलिमीटर झाला होता आणि तिचा क्लिक ५० मीटरवर २ आणि १०० मीटरवर ४ मिलिमीटरचा झाला होता. साइट तीच, स्क्रू तोच, क्लिकचा आवाजही तोच. पण तिच्या ४६ क्लिकनी गोळी २३० ऐवजी फक्त १८४ मिलिमीटर वर गेली. उरलेले साधारण साडेचार सेंटीमीटर म्हणजेच ‘खाली का?’ या प्रश्नाचे उत्तर.

मग ५० मीटरवर हे का जाणवले नाही? कारण तिथे झिरो करताना किती क्लिक दिले हे कोणी मोजतच नाही. गोळी मध्यावर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा आणि थांबायचे. क्लिक अडीचचा असो की दोनचा, शेवटी गोळी मध्यावर येतेच. क्लिकचे खरे मूल्य फक्त तेव्हाच लागते जेव्हा गोळी न मारता साइट दुसऱ्या जागी न्यायची असते.

२३० मिलिमीटर हा आकडा कुठून येतो, तेही सांगितले पाहिजे, कारण याबाबत क्लबमध्येच एका जुन्या सभासदाने ‘२५ वरून ५० ला दहा क्लिक लागतात, तर ५० वरून १०० ला वीस द्या’ असा सल्ला दिला होता. स्टँडर्ड वेगाची ही गोळी बॅरलमधून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने निघते. ५० मीटरपर्यंत पोहोचायला तिला सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्या वेळात ती बॅरलच्या रेषेखाली सुमारे १२ सेंटीमीटर पडते. १०० मीटरपर्यंत वेळ दुपटीहून थोडा अधिक लागतो, कारण वाटेत वेग कमी होत जातो, आणि पडणे मात्र चौपटीहून अधिक, म्हणजे सुमारे ५२ सेंटीमीटर होते. साइट बॅरलच्या वर साडेचार सेंटीमीटर असल्यामुळे ५० मीटरला झिरो केलेल्या रायफलीची गोळी दृष्टिरेषेला खालून येऊन १८ मीटरच्या आसपास छेदते, २५ मीटरवर जेमतेम एक सेंटीमीटर वर असते, ५० वर पुन्हा रेषेवर येते आणि १०० वर सुमारे २३ सेंटीमीटर खाली असते. म्हणून तिच्या रायफलीवर २५ वरून ५० ला साधारण दहा क्लिक आणि ५० वरून १०० ला अठ्ठावन्न. त्या सभासदाचा पहिला आकडा बरोबर होता. पटीचा हिशोब मात्र वक्राला लावला होता.

ओळंबा

आता डावीकडचा प्रश्न. सामन्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही त्याच रेंजवर गेलो. राउंड मोजूनच मिळतात, म्हणून दोन सत्रांसाठी मिळून १०० राउंड इतकीच मर्यादा ठेवली होती. साहेबांनी येताना घरच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा आणला होता. ५० मीटरवर उंच कार्डशीट लावून, त्याच्या खालच्या भागात नेमाचे काळे वर्तुळ चिकटवून, त्याच्या मध्यातून वर जाणारी रेघ ओळंब्याच्या दोरीला धरून आखली. ही चाचणी सोपी आहे: नेम दर वेळी त्याच खालच्या वर्तुळावर धरायचा, पण साइट ६० क्लिक वर नेऊन पुन्हा ग्रुप मारायचा, आणि ग्रुप रेघेवरूनच वर चढतो का ते पाहायचे.

मुलगी झोपून रायफल सरळ करू लागली तेव्हा साहेब म्हणाले, “बाळा, सामन्यात धरली होतीस तशीच धर. माझ्यासाठी सरळ करू नकोस.”

“साहेब, मी सरळच धरते,” ती म्हणाली. तिला तसे मनापासून वाटत होते.

पाच गोळ्या खाली, ६० क्लिक, पाच गोळ्या वर. दोन्ही ग्रुपचे मध्य मोजले. वरचा ग्रुप १२० मिलिमीटर वर होता आणि रेघेच्या डावीकडे १० मिलिमीटर सरकलेला होता. पहिल्या आकड्याने २ मिलिमीटरच्या क्लिकवर शिक्कामोर्तब केले. दुसऱ्या आकड्याने साहेबांना जे वाटत होते ते दाखवून दिले: १२० ला १० म्हणजे सुमारे ५ अंशांचा कल. ती रायफल डावीकडे, आपल्या डोक्याच्या बाजूला, ५ अंश कललेली धरत होती.

रायफल कललेली असली की साइटचा ‘वर’ हा खरा वर राहत नाही. प्रत्येक क्लिक गोळीला तिरक्या रेषेवरून नेतो. गुरुत्वाकर्षण मात्र ओळंब्याच्या दोरीनेच चालते. ५० मीटरवर झिरो करताना या कलाचा जो परिणाम झाला तो तिने नकळत उजवीकडचे काही क्लिक देऊन मिटवला होता, म्हणून तिथे काहीच दिसत नव्हते. १०० मीटरसाठी साइट वर नेली की तिरके चढणे पुन्हा सुरू होते. साहेबांना हे रायफलीमुळे नव्हे, तोफेमुळे ठाऊक होते. तोफेचे एक चाक खळग्यात असले की ती एका अंगाला कलते, आणि मग उंचीचा कोन वाढवावा तसा गोळा कललेल्या बाजूला सरकत जातो. म्हणून तोफखान्यात आधी सपाटी दाखवणारा बबल मध्यावर आणतात आणि मग पुढचे आकडे लावतात. “लांबच्या माराला चूक जास्त दिसते, जवळच्या माराला दिसतच नाही,” असे ते म्हणाले, आणि ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला.

याच सत्रात आणखी एक गोष्ट कळली. ६० क्लिक खाली येऊन पुन्हा ५० मीटरच्या झिरोवर ग्रुप मारला तेव्हा तो पहिल्या ग्रुपपेक्षा ६ मिलिमीटर वर लागला. स्क्रू खालच्या दिशेने फिरवताना त्यातली मोकळीक आधी भरून निघते आणि पीप तेवढे कमी सरकते. इलाज जुनाच आहे: खाली येताना पाच क्लिक जास्त उतरायचे आणि मग पाच वर येऊन आकड्यावर थांबायचे, म्हणजे प्रत्येक मुक्कामावर स्क्रू एकाच बाजूने पोहोचतो. असे केल्यावर फरक एका मिलिमीटरच्या आत आला. दोन अंतरांच्या सामन्यात जाणे-येणे होतेच, म्हणून ही सवय तिला तिथेच लावून घेतली.

शंभर मीटरवर पडताळणी

दुसऱ्या सत्रात १०० मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप घेतले. दहाचा आग्रह माझा होता आणि राउंड कमी असल्यामुळे त्यावर थोडा वादही झाला. माझे म्हणणे असे की तिच्या गोळ्यांचा ५० मीटरवरचा उभा विखुरलेपणा साधारण ६ मिलिमीटर धरला तर तीन गोळ्यांच्या मध्यात साडेतीन मिलिमीटरची अनिश्चितता उरते आणि दहा गोळ्यांच्या मध्यात दोनच्या खाली येते. म्हणजे तीन गोळ्यांवरून झिरो करणारा माणूस दोन क्लिकपर्यंतची चूक वहीत कायमची लिहून ठेवू शकतो. एकाच गोळीवरून स्क्रू फिरवणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको, आणि सामन्यात साइटरच्या वेळी तिने नेमके तेच केले होते.

४६ क्लिकवर ग्रुप साडेचार ते पाच सेंटीमीटर खाली आणि दोन सेंटीमीटर डावीकडे पडला. सामन्यातल्या पहिल्या साइटरची तीच जागा. ५८ क्लिकवर तो उंचीला मध्यावर आला आणि २४ मिलिमीटर डावीकडे राहिला. कलाच्या साध्या हिशोबाप्रमाणे हे डावीकडचे अंतर २० मिलिमीटर यायला हवे होते. उरलेले ४ मिलिमीटर म्हणजे १०० मीटरवर एकच क्लिक. त्यातला काही भाग साइट बॅरलच्या वर असल्यामुळे येतो आणि काही ग्रुपच्या स्वाभाविक पसाऱ्यात मोडतो, म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो नाही आणि कागद सांगत होता तोच आकडा घेतला. ६ क्लिक उजवीकडे दिल्यावर ग्रुप मध्यावर बसला. सामन्याच्या शेवटी तिची साइट ५५ वर आणि ५ उजवीकडे होती, हे येथे पुन्हा आठवावे. चाचपडत का होईना, ती बरोबर जागेच्या तीन क्लिक अलीकडे पोहोचली होती.

सकाळी साडेआठला १२ अंश तापमान होते आणि दुपारी एकला २७. दुपारचा ग्रुप सकाळच्या ग्रुपपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर वर लागला. गरम हवेत गोळीला विरोध कमी होतो आणि काडतूसही थोडे गरम असते, त्यामुळे गोळी वर जाणे अपेक्षितच आहे. पण दुपारी काळ्या जमिनीवरून तरंगणाऱ्या गरम हवेमुळे टार्गेटही हलताना दिसत होते, आणि त्यातला कोणता वाटा कशाचा हे एका सत्रावरून सांगता येत नाही. वहीत ‘दुपार: २ क्लिक खाली, तपासणे’ एवढेच लिहिले. निफाडच्या बाजूला ज्या दिवशी दव गोठते त्या दिवशी पहाटे येऊन पुन्हा मारावे, असा साहेबांचा बेत होता, तो अजून बेतच आहे.

कल सरळ करायचा की नाही

या मुद्द्यावर आमच्यात खरा मतभेद झाला. क्लबमधल्या बहुतेकांचे मत होते की आता चूक सापडली आहे, तर मुलीला रायफल सरळ धरायला शिकवावी. मी त्याला नकार दिला. थोडा कल ठेवून मारणारे कितीतरी चांगले नेमबाज आहेत. मान ताठ राहते आणि डोळा पीपसमोर आपोआप येतो. कल असणे हा दोष नाही, तो दर वेळी वेगळा असणे हा दोष आहे. तिचा कल दोन सत्रांत आणि सामन्यात, तिन्ही वेळा, जवळजवळ तेवढाच भरला होता. जो शरीराने स्वतःहून शोधलेला आहे आणि जो टिकतो, तो मोडून तिला नवी ठेवण द्यायची म्हणजे ५० मीटरचे १८९ गुणही पणाला लावायचे. त्यापेक्षा १०० मीटरसाठी ६ क्लिक उजवीकडे, ही नोंद स्वस्त आहे. साहेबांना हे पटले नाही. तोफ आधी सरळ करायची असते, असे त्यांचे म्हणणे कायम आहे. मी त्यांना म्हणालो की तोफेला मान नसते. त्यावर ते हसले, पण मत बदलले नाही.

जुना तक्ता फाडून टाकावा असे तिला वाटत होते. तो आम्ही ठेवला, फक्त त्याच्या वर लाल शाईने ‘साइट रेडियस ६४०’ असे लिहिले, कारण ही एक ओळ त्यावर आधीपासून असती तर तो तिच्या हातात जाताच चूक लक्षात आली असती. तिच्या नव्या वहीत प्रत्येक झिरोसमोर आता अंतर आणि क्लिक एवढेच नसते. रायफल, ट्यूब आहे की नाही, काडतुसाचा लॉट, पोझिशन, वेळ, तापमान आणि किती गोळ्यांच्या ग्रुपवरून झिरो घेतला, हेही असते. पान भरायला तिला कंटाळा येतो, हे मला दिसते. तरी ती भरते.

फेब्रुवारी

पुढचा सामना फेब्रुवारीत त्याच रेंजवर, त्याच स्वरूपात झाला. ५० मीटरवर तिला १८७ मिळाले. १०० मीटरवर जाताना तिने साइट ५८ वर आणि ६ उजवीकडे नेली, वर जातानाच थांबली, आणि पहिली साइटर एक वाजण्याच्या दिशेला नऊमध्ये लागली. मागे उभे राहून मी तिच्या हाताकडे पाहत होतो. हात स्क्रूकडे गेला नाही. दुसरी साइटर दहामध्ये लागली. वीस गोळ्यांत तिने साइटला एकदाच हात लावला, तोही अकराव्या गोळीनंतर, शेजारच्या बागेतल्या फिती पश्चिमेच्या वाऱ्याने आडव्या झाल्यावर, ३ क्लिक डावीकडे. १०० मीटरचे गुण १८१ झाले आणि ती एकूण तिसरी आली.

त्या लॉटचे आता दोनच डबे शिल्लक आहेत. नवा लॉट मिळाला की ५० आणि १०० दोन्ही अंतरांवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप पुन्हा मारायचे आहेत, आणि त्यासाठी तिने वहीत पान कोरे सोडले आहे.